फायनल नसलेल्या फायनलवरचा लेख

फुटबॉलचे लेख तपासताना मी आधी शीर्षक पाहतो, मग आकडे. इंग्रजी विकिपीडियावरचा 1950 च्या विश्वचषकातल्या उरुग्वे-ब्राझील सामन्याचा लेख पहिल्याच कसोटीला उतरतो. 16 जुलैला रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये झालेल्या त्या लढतीला सगळं जग फायनल म्हणतं, पण नियमानुसार ती फायनल नव्हतीच. शेवटच्या फेरीत चार संघांची साखळी होती. स्वीडनला 7-1 आणि स्पेनला 6-1 धुऊन आलेल्या ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. शीर्षकात ‘फायनल’ शब्द न घालणं हा मला उत्तम संपादकीय निर्णय वाटतो. उरुग्वे 2-1 ने जिंकलं, एवढंच वाचून ब्राझीलच्या पराभवाचा घाव कळत नाही, हे गणित कळलं की कळतो.

प्रेक्षकसंख्येबाबतही तोच काटेकोरपणा हवा. तिकीट काढून आलेले 1,73,850. दोन लाखांच्या आसपासचा आकडा हा अंदाज आहे. दोन्ही एका वाक्यात कालवले की लेख बिघडतो.

गोलांचा क्रम सोपा: आधी ब्राझीलचा फ्रियासा, मग उरुग्वेचे स्कियाफिनो आणि 79व्या मिनिटाला घिजिया. खरी परीक्षा दंतकथांची. पहिला गोल खाल्ल्यावर उरुग्वेचा कर्णधार वारेलाने वाद घालून खेळ थांबवला, हा किस्सा मला अतिशय प्रिय आहे, तरी संदर्भाशिवाय एक ओळही ठेवू नये. आणि ब्राझीलचा गोलरक्षक बार्बोसाला आयुष्यभर दोष सोसावा लागला, ते तटस्थपणे पण पूर्ण लिहायलाच हवं.

वाचाच, आणि सोबत ‘इतिहास’ टॅबही उघडा. कोणतं वाक्य कधी बदललं, ते तिथे दिसतं.