हवेच्या पॅडलबोर्डवर आठ महिने: नवशिक्याने काय बघावं

साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद, ६ इंच जाड, हवा भरून वापरायचा पॅडलबोर्ड, म्हणजे पाण्यावर उभं राहून वल्हवत न्यायची फळी. शिकायला हे माप चांगलं. आठ महिन्यांच्या वापरानंतर ठाम मत असं की नवखे ज्याला ‘तोल राहत नाही’ म्हणतात, त्यात बराच वाटा कमी भरलेल्या हवेचा आणि चुकीच्या लांबीच्या वल्ह्याचा असतो.

आधी हवा. बोर्डाचे वरचे आणि खालचे थर आतून हजारो धाग्यांनी बांधलेले असतात, म्हणून तो गादीसारखा गोल न फुगता फळीसारखा सपाट राहतो. पण त्या धाग्यांना ताण बसायला दाब लागतो, बहुतेक बोर्डांना १२ ते १५ पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच दाबाचं माप). कमाल आकडा बोर्डावरच छापलेला असतो, तो ओलांडू नये. १० वर थांबलात तर बोर्ड हाताला टणक लागेल, पण उभं राहिल्यावर मध्ये खचेल, डुलेल आणि पुढेही नीट जाणार नाही. पंपाचा काटा पहिल्या ५-७ पीएसआयपर्यंत बरेचदा हलतच नाही. तो बिघडलेला नसतो. दुहेरी पंप (दांडा ओढताना आणि दाबताना, दोन्ही वेळा हवा भरणारा) ८ च्या पुढे जड होतो, तेव्हा एकेरीवर, म्हणजे फक्त दाबताना हवा भरेल असा घ्यावा आणि दंडांचा जोर न लावता अंगाचा भार टाकावा. भरण्याआधी व्हॉल्व्हची पिन वर आलेली आहे ना, हे नक्की बघा. ती दाबलेली राहिली तर नळी काढताक्षणी सगळी मेहनत फुस्स.

वल्हं आपल्या उंचीपेक्षा १५ ते २५ सेंटिमीटर जास्त ठेवावं. आखूड वल्ह्याने कमरेत वाकावं लागतं. पाठ दुखते आणि तोलही जातो. जवळजवळ प्रत्येक जण पातं उलटं धरतो. चमच्यासारखं पाणी ओढायचं असेल असं वाटतं खरं, पण पात्याचा बाक पुढे, बोर्डाच्या नाकाकडे हवा. एक हात वरच्या मुठीवर, दुसरा दांड्यावर. पातं पूर्ण बुडवा आणि घोट्यापाशी आलं की बाहेर काढा; त्यामागे ओढत राहिलं की बोर्ड नुसता वळतो. चार-पाच वेळा वल्हवलं की बाजू बदला.

उभं राहण्याची घाई नको. फिन (बोर्डाच्या तळाशी लावलेला, माशाच्या परासारखा तुकडा) जमिनीला लागणार नाही इतक्या, गुडघाभर पाण्यात बोर्ड न्या. बोर्डाच्या मधोमध असलेल्या मुठीच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकून आधी तसंच थोडं वल्हवा, मग एकेक पाऊल गुडघ्यांच्या जागी ठेवून उठा. पावलं खांद्याएवढ्या अंतरावर, गुडघे थोडे सैल, नजर लांब. पायांकडे बघितलं की तोल जातो. तळवे बधिर होतात ते बोटांनी बोर्ड घट्ट धरून ठेवल्यामुळे. बोटं उचलून हलवली की बरं वाटतं. उभं राहून थांबण्यापेक्षा वल्हवत राहणं सोपं, कारण पाण्यातलं पातं आधार देतं.

पडताना बोर्डापासून लांब, पाण्यात पडा. परत चढायला मधली मूठ धरा, पाय मागे पसरून जोरात मारा आणि अंग आडवं झालं की पोटावर सरका. पाय बोर्डाखाली गेले तर चढता येत नाही. किनाऱ्यालगतच हे पाच-सहा वेळा करून पाहावं.

लाइफ जॅकेट अंगातच हवं, बोर्डावर बांधलेलं नको. संथ पाण्यात पायाला लीश (आपल्याला बोर्डाशी जोडून ठेवणारी दोरी) बांधा: वाऱ्याने हलका बोर्ड पोहणाऱ्यापेक्षा वेगाने दूर जातो. वाहत्या नदीत मात्र पायाची लीश जीवघेणी ठरते, कारण ती झाडात किंवा खडकात अडकली तर प्रवाहात पायापर्यंत हात पोचत नाही. तिथे झटक्यात सुटणारी कमरेचीच लीश वापरावी. किनाऱ्यावरून पाण्याकडे वारा वाहत असेल तर उतरूच नये. काठाशी पाणी शांत दिसतं, पण पुढे गेल्यावर परतणं अवघड होतं.

आठ महिन्यांत बोर्डाच्या कापडाची तक्रार नाही. तीन तुकड्यांच्या ॲल्युमिनियम वल्ह्याची आहे: ते जड आहे, आणि खारं पाणी व वाळू जाऊन सांधे धरतात. दर वेळी सुटं करून गोड्या पाण्याने धुवावं लागतं. भरलेला बोर्ड उन्हात ठेवायचा असेल तर थोडी हवा सोडा, आतली हवा तापून शिवणींवर ताण येतो. ओला गुंडाळला तर बुरशी धरते. हवा हळूहळू उतरू लागली तर पंक्चर शोधण्याआधी व्हॉल्व्हभोवती साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर बोर्डसोबतच्या पान्याने व्हॉल्व्ह थोडा आवळला की बहुतेकदा भागतं.