'दोन पंप सिरीजमध्ये, फ्लो डबल' म्हणणाऱ्यापासून सांभाळा

60 अधिक 60 बरोबर 120. कोटेशनमध्ये चक्क एवढंच गणित होतं, खाली सही-शिक्का. मला 12 बार दाबावर मिनिटाला 110 लिटर तेल हवं होतं आणि त्या भामट्या विक्रेत्याने एकामागे एक जोडलेले दोन गिअर पंप (दातेरी चाकांनी तेल पुढे ढकलणारे) माझ्या गळ्यात मारले. 70 टक्के आगाऊ, माल निघताना 20 टक्के. शेवटी ड्रम आणि स्टॉपवॉच घेऊन बसलो. 200 लिटर भरायला 3 मिनिटं 42 सेकंद, म्हणजे मिनिटाला 54 लिटर!

पहिल्यातून निघतं तेच दुसऱ्यात जातं, सिरीजमध्ये दाब वाटला जातो, प्रवाहाची बेरीज होत नाही, हे आता मला जो तो ऐकवतो. अहो, माहीत होतं मलाही. पण त्याच्या शेडमध्ये डिस्प्लेवर 118 चा आकडा डोळ्यांदेखत नाचत होता, तिथे कोण वाद घालणार? फ्लोमीटरची लिटरमागे पल्सची सेटिंग निम्म्यावर आणून ठेवलीय, म्हणजे एका लिटरचे दोन दिसतात, हे कुणाच्या बापाला कळणार होतं? चाचणीही मोकळ्या पाइपातून, दाबाशिवाय. तुमचा ड्रम, तुमचं घड्याळ आणि तुम्हाला हवा तो दाब, याशिवाय चाचणी बघूच नका.

चरफडायला होतं ते त्या प्लगवरून. दोन पंपांमधल्या पाइपाला दाब दाखवणाऱ्या गेजसाठी भोक होतं. त्यात प्लग, त्यावर रंग, आणि रंगाचा ओघळ पाइपावर सुकलेला. नव्या यंत्रावर गेजचं तोंड कोण बुजवतं हो? मी बोट ठेवून विचारलंसुद्धा. "दोन्ही पंप एकाच मापाचे आहेत साहेब, मधे गेज लागतच नाही." तिथूनच उठून यायचं. पण तेवढ्यात चहा आला, सोबतच्या माणसाने 118 चा फोटो काढला, आणि विषय राहिला.

पुढे प्लग काढून गेज लावला. डिस्चार्जला, म्हणजे तेल बाहेर पडतं तिथे, 12 बार, मधे 10! म्हणजे सगळा भार पहिल्याच्या बोकांडी, दुसऱ्याचा वाटा जेमतेम 2 बारचा. दुसरा खोलला तर आत झिजलेले गिअर, बाहेरून ताजा रंग. त्याच्या सक्शनलाच, म्हणजे तेल आत शिरतं तिथेच, 10 बार बसल्यावर शाफ्टचं सील राहतंय होय? गळून खाली थारोळं.

प्रवाह कमी-जास्त करायला म्हणे डिस्चार्जवर वॉल्व्ह! गिअर पंप ढकलायचं ते ढकलतोच. वॉल्व्ह आवळला की दाब चढतो, रिलीफ (जादा दाब सोडणारा वॉल्व्ह) उघडतो, तेल तापून टाकीत परत. रिलीफ नसेल तर काहीतरी फुटणार. नियंत्रण वेगावर करायचं असतं. पहिल्याचा ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) प्रवाह ठरवतो, दुसऱ्याचा ड्राइव्ह मधला दाब बघून वेग जुळवतो. दुसरा जास्त पळाला तर मधला दाब पडून कॅव्हिटेशन (तेलात बुडबुडे होऊन फुटतात आणि पंप खातात), मागे राहिला तर दाब चढतो. म्हणून मधे दाब कळवणारा ट्रान्समीटरही हवा आणि रिलीफही. "गरज नाही" असं ऐकलंत की चपला घाला.

आणि दाद मागायची कुणाकडे? पोलीस म्हणतात, "पंप मिळाला ना? तेल येतंय ना? मग फसवणूक कसली? दिवाणी कोर्टात जा." ग्राहक तक्रारवाले म्हणतात, वस्तू धंद्यासाठी घेतलीत, तुम्ही ग्राहकच नाही. मग मी कोण, भिकारी? अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर, साहेब मीटिंगमध्ये, झेरॉक्स पुसट आलीय, पुन्हा आणा. सगळ्यांवर कडी तपासणीवाल्या इंजिनिअरची. फी मी भरली, सही त्याने ठोकली, आणि आता म्हणतो, "आम्ही फक्त नेमप्लेट आणि कागद जुळवतो." नेमप्लेट मला वाचता येत नव्हती काय! तपासणीच्या ऑर्डरमध्ये 'दाबाखाली प्रत्यक्ष प्रवाह मोजणे' हे शब्द घालून घ्या, नाहीतर तो पैसा पाण्यात.

परवा विक्रेत्याचा मेसेज आलाय: उरलेले 10 टक्के भरा, नाहीतर सर्व्हिस बंद. सर्व्हिस!