सिनेमा दाखवावा की नाटक बसवावं?

मानसिक आजार असलेल्यांच्या डे-केअर केंद्रात नव्याने रुजू झालेल्या मैत्रिणीने विचारलं, शनिवारच्या गटासाठी काय निवडू?

खर्चाचं सोडून दे. प्रोजेक्टर मागून आणता येतो, नाटकाला सतरंजी पुरते. खरा फरक मेहनतीत आहे. सिनेमा एका दुपारी होतो. मात्र औषधांमुळे अनेकांना पेंग येते, म्हणून वीस-वीस मिनिटांचे तुकडे दाखव आणि मध्ये बोल. ‘देवराई’ (2004) या सिनेमात अतुल कुलकर्णींनी स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) झालेला शेष नावाचा माणूस उभा केलाय. तो पाहताना घरची माणसं रडतात, मग बोलू लागतात.

नाटकाला महिने लागतात. पण महिनोन् महिने गप्प असलेला माणूस खोट्या टपरीवर खोटा कप पुढे करत “साखर कमी ना?” विचारतो, ते सिनेमातून होत नाही. धोकाही इथेच जास्त. कुणालाही स्वतःच्या भ्रमाची भूमिका देऊ नकोस, आणि आजार उसळलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रंगमंचावर आणू नकोस.

नातेवाइकांची किंवा वस्तीतली सभा असेल तर सिनेमाच. दर आठवड्याला येणारा, स्थिरावलेला आठ-दहा जणांचा गट असेल तर नाटक, प्रेक्षकांविना झालं तरी.