मॅग्नाकट पोलादाचा चाकू: आठ महिने खिशात वागवल्यावर

दिवाळीला भाचा अमेरिकेहून आला, तो माझ्यासाठी घडीचा चाकू घेऊन. पातं साडेतीन इंची, पोलाद मॅग्नाकट. किंमत विचारली तर आधी टाळाटाळ, मग हळूच म्हणाला, पंधरा हजारांच्या घरात. आई शेजारी गवार मोडत बसली होती. "तेवढ्यात अख्ख्या गल्लीला विळ्या वाटल्या असत्या की रे," एवढंच बोलली.

मला चाकूंचा नाद जुना आहे आणि कामही तसंच आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत. सुताच्या पेट्या फोडणं, प्लास्टिकच्या पट्ट्या तोडणं, माल बांधताना सुतळी आणि पुठ्ठा कापणं, हे दिवसभर चालूच. पुठ्ठा दिसतो मऊ, पण त्यातली बारीक कचकच धारेला खाते. चाकू बनवणाऱ्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला सांगायचंय ते पोलादाबद्दल.

आधी माझ्याकडे डी-टू पोलादाचा चाकू होता, तीन वर्षं वापरला. धार चांगली टिकायची, पण उन्हाळा आला की रडायचा. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ला टेकतो, शर्टाचा खिसा घामानं भिजलेला, आणि आठवड्याभरात पात्यावर तांबूस ठिपके. पुसले तरी खाली काळे खड्डे राहायचे. एकदा लिंबू चिरून तसाच ठेवला, सकाळी धारेच्या कडेला काळी रेघ. मला तेव्हा कोडं पडायचं. डी-टूमध्ये क्रोमियम १२ टक्के असतं, मॅग्नाकटमध्ये १०.७. गंजापासून वाचवतं ते क्रोमियमच. मग कमी क्रोमियमवालं पोलाद जास्त टिकतं कसं?

याचं उत्तर मला आवडलं म्हणून जरा सविस्तर लिहितो. डी-टूमध्ये कार्बन दीड टक्का. तो क्रोमियमला धरून बसतो आणि त्याचे कडक कण बनतात, त्यांना कार्बाइड म्हणतात. म्हणजे क्रोमियम आहे, पण मुदत ठेवीत अडकलेलं. घरखर्चाला, म्हणजे गंज रोखायला, मोकळं उरतं ते थोडं. मॅग्नाकटची रचना लॅरिन थॉमस या धातुतज्ज्ञानं केली, २०२१ साली ते बाजारात आलं. त्यात ४ टक्के व्हॅनॅडियम आणि २ टक्के नायोबियम आहे. कार्बनला धरायचं काम हे दोघं करतात, त्यामुळे क्रोमियम जवळजवळ सगळं मोकळं राहतं. थोडं नायट्रोजन आणि २ टक्के मॉलिब्डेनमही मदतीला आहेच.

दुसरी गोष्ट त्या कणांच्या आकाराची. ज्वारीचं पीठ भरड असलं की भाकरी थापताना कडेला चिरते, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. पोलादाचंही तसंच. साध्या पद्धतीनं ओतलेल्या डी-टूमध्ये कार्बाइडच्या मोठमोठ्या कण्या राहतात आणि बारीक धार तिथंच तुटते. मॅग्नाकट भुकटीपासून बनतं. वितळलेल्या पोलादाच्या धारेवर वायूचा झोत मारून भुकटी करतात, ती डब्यात बंद करून प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली एकजीव करतात. पीठ मैद्यासारखं, म्हणून धार पातळ ठेवली तरी चिरत नाही.

आता प्रत्यक्ष अनुभव. गंजाच्या बाबतीत पैकीच्या पैकी. यंदाचा अख्खा उन्हाळा घामाच्या खिशात काढला. डाळिंबाचा रस, कैरी, लिंबू, बोअरचं खारट पाणी, सगळं झालं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडले, ते ओल्या फडक्यानं गेले. गंजाचा एकही ठिपका नाही. खोटं कशाला बोलू, मी मुद्दाम दोन रात्री कैरीच्या फोडीत रुतवून ठेवला होता.

धार किती टिकते, यावर मात्र लोक जरा जास्तच चढवून बोलतात. डी-टूला मी साधारण दहा दिवसांनी धार लावायचो, याला पंधरा-सोळा दिवसांनी लावतो. दीडपट म्हणा. वाईट नाही, पण महिनोन्‌महिने धार लावायला नको वगैरे ऐकून घेतलात तर निराश व्हाल. नुसती धार टिकण्यात याच्यापेक्षा सरस पोलादं आहेत, ती पुठ्ठा जास्त दिवस कापतील. पण ती एक तर तुटायला लवकर तयार, नाहीतर धार लावताना जीव खाणारी.

तुटण्यावरून आठवलं. जानेवारीत मित्राच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो, मोहोळच्या बाजूला. तिथं कुणीतरी ऊस सोलायला चाकू मागितला. माझ्या हातून सहसा सुटत नाही, पण दिला. गड्यानं पेरावर घालून चांगला पिळला. डी-टूच्या चाकूची धार असल्याच कामात दोनदा तुटली होती, म्हणून मी श्वास रोखून बघत होतो. घरी येऊन भिंगाखाली पाहिलं, काही नाही. मग दुसऱ्यानं त्याच चाकूनं नारळ फोडू का विचारलं, त्याला मात्र हात जोडले.

आता माझी चूक. डिसेंबरात पहिल्यांदा धार बोथट झाली तेव्हा घरच्या कुरुंदाच्या दगडावर घासून पाहिलं. अर्धा तास घासूनही हवी तशी धार येईना. कारण नंतर कळलं: व्हॅनॅडियमचं कार्बाइड कुरुंदापेक्षा कडक असतं. अगदीच होत नाही असं नाही, पण फार चिकाटी लागते. मी कंटाळून बाजारात मोटारीच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे दिला. त्यानं चार वेळा टेकवला आणि म्हणाला, "साहेब, ह्ये लोखंड न्हाय, दगड हाय," आणि जोर वाढवला. ठिणग्यांचा पाऊस. हातात आला तेव्हा टोकाकडची बोटभर धार निळी पडलेली.

निळं पडणं म्हणजे काय, हे लोहाराला विचारा. मॅग्नाकटला पाणी देतात, म्हणजे कडक करतात, ते साधारण ११२० अंशांना तापवून, आणि त्यानंतर पावणेदोनशे अंशांच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. चाकावर धार त्याच्या कितीतरी पुढं तापली, दिलेलं पाणी उतरलं. माझ्या चाकूवर कडकपणा ६२ ते ६३ रॉकवेल लिहिला होता, पण त्या बोटभर जागेत धार दोन दिवसांत बोथट व्हायची. त्या माणसाला बोल लावत नाही, त्याच्या चाकावर रोज विळ्या-कोयतेच येतात. पंधरा हजारांची वस्तू तिथं नेणारा शहाणा मीच.

मग हिऱ्याच्या कणांची पट्टी मागवली, एका बाजूला ४०० नंबरचे जाडसर कण, दुसऱ्या बाजूला १००० नंबरचे बारीक. अडीच हजार गेले. तीन-चार वेळा धार लावल्यावर जळकी कड घासून गेली आणि खालचं चांगलं पोलाद वर आलं. पातं त्या जागी किंचित आत गेलंय, ते आता तसंच राहणार. पट्टीवर पाणी शिंपडून दहा मिनिटं, मग जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर दहा-बारा हात. दंडावरचे केस उडतात.

चाकूवर माझ्या दोन तक्रारी आहेत. धारेमागं पातं उगाच जाड ठेवलंय, त्यामुळे कांदा चिरताना फाकतो, कापला जात नाही. आणि खिशाला अडकवायच्या क्लिपचा स्क्रू दर महिन्याला ढिला होतो. दोन्हींत पोलादाचा दोष नाही. पण जाड पात्यात उत्तम पोलाद म्हणजे बैलगाडीला विमानाचं इंजिन.

घ्यावा का? फक्त पुठ्ठे कापायचे असतील तर मोडत्या पात्याचा साधा कटर घ्या, आमची पोरं तोच वापरतात आणि माझ्यापेक्षा लवकर कामं उरकतात. ऊसतोडीला गाडीच्या पाट्याचा कोयताच बरा, बांधावर बसून कानस मारली की झालं. शेतात हिऱ्याची पट्टी कोण नेतो? ज्याला एकच चाकू घामात, पाण्यात, फळांत आणि कारखान्यात वागवायचाय आणि धार लावायचा कंटाळा नाही, त्यानं विचार करावा. घेताना एक बघा: हे पोलाद आधी बनवणाऱ्या क्रूसिबल कंपनीनं डिसेंबर २०२४मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, पुढं तिचा वारसा एरास्टील या दुसऱ्या पोलाद कंपनीकडे गेला. म्हणजे पोलाद बंद पडलेलं नाही. "आता मिळणार नाही" म्हणून कुणी दुप्पट भाव सांगितला तर ऐकू नका.

भाचा परवा फोनवर विचारत होता, पुढच्या वेळी कुठल्या पोलादाचा आणू. म्हटलं, चाकू नको, पट्टी आण, हजार नंबरच्या वरची, बारीक. सध्या ती पट्टी सगळ्यात जास्त फिरते ती आईच्या विळीवर. दर रविवारी सकाळी विळी माझ्यापुढं आणून ठेवते, आणि मागोमाग शेजारच्या काकूंचीही येते.