फाइल चोख, सल्ला मात्र पारखून घ्या

दादर पश्चिमेला रानडे रोडच्या मागच्या गल्लीत असलेल्या या परदेश-शिक्षण कन्सल्टन्सीला मी पाचपैकी तीन तारे देते. त्यातले अडीच कागदपत्रं बघणाऱ्या मुलीचे. उरलेला अर्धा एसीचा.

मी सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले, राहते मुलुंडला. मुलगा चिन्मय मेकॅनिकल इंजिनिअर आहे, महाप्यात नोकरी करतो आणि 2026 च्या सप्टेंबरमध्ये मास्टर्सला जायचं म्हणतो. आमच्या मजल्यावर एका घरी मुलगी अमेरिकेत, दुसऱ्या घरी मुलगा तिकडून परत आलेला. त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता. पण व्हिसाचे नियम महिन्या-महिन्याला बदलत असताना जायचं की नाही, हे पैसे मोजून जाणत्या माणसाला विचारावं म्हणून इथे गेलो.

पहिली भेट फुकट असते. काउन्सेलर तरुण, बोलायला गोड. चिन्मयचा सीजीपीए आणि आमचं बजेट विचारलं आणि दहा मिनिटांत स्क्रीनवर बारा विद्यापीठांची यादी तयार! अमेरिका, इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया. मी म्हटलं, जर्मनी का नाही? तर म्हणे, "जर्मनीत भाषेचा प्रॉब्लेम होतो मॅडम." फारच आग्रह धरला तेव्हा बर्लिनमधलं एक खासगी विद्यापीठ दाखवलं, भरपूर फीचं.

इथे एक गोष्ट समजून घ्या. फुकट सल्ला देणाऱ्यांचं घर विद्यापीठांच्या कमिशनवर चालतं. तुमच्या मुलाच्या पहिल्या वर्षाच्या फीतला हिस्सा त्यांना मिळतो. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फीच नाही, मग कमिशन कशातून निघणार? बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आपल्याकडच्या मुलांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही अलीकडे फी लावली आहे, पण तो अपवाद. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही, धंदा आहे. फक्त समोरचा कोणाच्या खिशातून जेवतो हे ठाऊक असलेलं बरं.

दुसरा मुद्दा माहितीपत्रकाचा. इंग्लंडच्या पानावर 'शिक्षणानंतर 2 वर्षं काम' असं ठळक छापलंय. तिथल्या सरकारने ऑक्टोबर 2025 मध्येच जाहीर केलंय की 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे शिकल्यावर काम करायचा व्हिसा, 18 महिन्यांचाच मिळेल, पीएचडीवाले सोडून. सप्टेंबर 2026 ला एक वर्षाच्या कोर्सला जाणारा मुलगा हा अर्ज करणार 2027 च्या शेवटी. म्हणजे त्याला दीडच वर्ष. हे मी दाखवल्यावर काउन्सेलर म्हणाला, "अपडेट व्हायचंय ते." पत्रकाचा गठ्ठा तिथेच राहिला.

अमेरिकेबद्दल "तीन वर्षं ओपीटी मिळते" (शिकल्यावर तिकडे काम करायची परवानगी) हे वाक्य तो दर पाच मिनिटांनी म्हणत होता. मिळतात, पण मूळचे 12 महिने, आणि वरचे 24 कोर्स स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान) यादीत असेल आणि नोकरी देणारी कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणीत नोंदलेली असेल तरच. सारख्या नावाच्या दोन कोर्सेसचे कोड वेगळे असू शकतात, विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या आय-20 फॉर्मवर तो कोड छापलेला असतो, तो बघा. पुढे एच-1बी हा नोकरीचा व्हिसा म्हणजे लॉटरी, वर्षाला 65,000 आणि तिथल्या मास्टर्सवाल्यांसाठी आणखी 20,000. 19 सप्टेंबर 2025 ला ट्रम्पनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलर लावले तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रात्रभर कोणी झोपलं नाही. महिनाभराने खुलासा आला की तिथे शिकत असलेल्याने तिथूनच व्हिसाचं स्टेटस बदललं तर ही रक्कम लागत नाही. हा खुलासा काउन्सेलरला तोंडपाठ होता. त्याच वर्षी 27 मे ते 18 जून विद्यार्थ्यांच्या नव्या मुलाखतींचं बुकिंगच बंद होतं, आणि सुरू झालं ते सोशल मीडिया खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायच्या अटीवर, हे मात्र मला काढून घ्यावं लागलं. असा खंड पुन्हा पडला आणि सेमिस्टर सुरू झालं तर? "पॉझिटिव्ह राहायचं मॅडम."

आता कौतुक. मॉक इंटरव्ह्यू झकास घेतात. काचेच्या केबिनमध्ये ती कागदपत्रंवाली मुलगी आत बसते, मुलगा बाहेर उभा, दार बोटभर उघडं. तिने आवाज मुद्दाम बारीक ठेवला, म्हणजे बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीच्या खिडकीशी "पार्डन?" म्हणायची सवय व्हावी. पहिल्याच प्रश्नाला चिन्मयने पाठ केलेलं उत्तर दिलं, जे काउन्सेलरने लिहून दिलं होतं: परत येऊन फॅमिली बिझनेस सांभाळणार. मुलीने पेन खाली ठेवलं. "वडील काय करतात?" "बेस्टमध्ये होते." "मग बस चालवणार का परत येऊन?" बाहेर बसलेले सगळे हसले, ह्यांच्यासकट. मग तिने नीट समजावलं: अमेरिकेच्या व्हिसा कायद्यातल्या 214(बी) कलमाखाली तुम्ही तिकडेच राहणार असं अधिकारी धरूनच चालतो. ते खोडायला खरं आणि आपलं उत्तर लागतं, हाच कोर्स का, पैसा कुठून, नंतर काय. चिन्मयने मग महाप्यातल्या आपल्या कामाबद्दल सांगितलं आणि पहिल्यांदा माणसासारखा बोलला.

फाइलही तिने चोख लावली. विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसहून आणायच्या ट्रान्सक्रिप्टपासून पासपोर्टवरच्या आणि मार्कशीटवरच्या नावातल्या फरकाच्या प्रतिज्ञापत्रापर्यंत काही सुटलं नाही. आयुष्यभर फाइली तपासल्या आहेत मी, मला त्यात खोट काढता आली नाही.

पण ज्यासाठी गेलो होतो, तो प्रश्न तिथे कोणी विचारलाच नाही. बँकेत आम्ही पहिला तोच विचारायचो: फेड कशी? हिशेब मी त्यांच्याच टेबलावर मांडला. 40 लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के, दहा वर्षं, म्हणजे हप्ता सुमारे 54 हजार, शिकत असतानाचं व्याज वेगळं. साडेसात लाखांच्या वर सरकारी बँक सहसा तारण मागते, म्हणजे मुलुंडचं घर. व्हिसा मिळेल की नाही ही अर्धीच काळजी. मिळाला, डिग्री झाली, आणि तिकडे काम न मिळता पोरगा परत आला तर 54 हजार इथल्या पगारातून जातील का? चिन्मयचा आजचा हातात येणारा पगार त्याहून कमी आहे. काउन्सेलर म्हणाला, "काकू, एवढा निगेटिव्ह विचार केला तर कोणीच जाणार नाही." मॅडमची काकू झाले ती तेव्हा.

हाच हिशेब जर्मनीचा केला. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी आधीच भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो, एपीएस या डिग्री-मार्कशीट पडताळणीच्या सर्टिफिकेटचे 18,000 रुपये, शिकल्यावर नोकरी शोधायला 18 महिने. धोका तिथेही आहे. व्हिसा नाकारला तर पूर्वी फुकट फेरविचार मागता यायचा, तो 1 जुलै 2025 पासून बंद, आता नवा अर्ज नाहीतर कोर्ट. पण रिकाम्या हाती परत आला तरी घर विकावं लागत नाही. कोर्सेस आम्ही डाड या जर्मन विद्यार्थी-देवाणघेवाण संस्थेच्या वेबसाइटवर स्वतः शोधले, आणि चिन्मय काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकायला लागला. भाषेचा प्रॉब्लेम होतो हे काउन्सेलरचं म्हणणं खोटं नव्हतंच. शनिवार-रविवार घरी डेर-डी-डास चालू असतं.

फी: 'प्रीमियम' पॅकेज 45 हजार अधिक जीएसटी. करारात 'सर्व विद्यापीठांनी नाकारल्यास फी परत' असं आहे, व्हिसा नाकारल्याचा उल्लेख नाही. मी समासात हाताने 'व्हिसा नाकारल्यास निम्मी फी परत' लिहून घेतलं, सही-शिक्क्यासह. थोडी कुरकुर झाली, पण केलं त्यांनी. तुम्हीही मागा. शेवटी मात्र आम्ही पॅकेज न घेता फक्त फाइल आणि मॉक इंटरव्ह्यूचे वेगळे पैसे भरले. असं सुटं घेता येतं, पण बोर्डावर लिहिलेलं नाही, विचारावं लागतं.

कुठे जायचं हे ठरलेलं असेल आणि कागद नीट लावून हवे असतील तर जरूर जा, शनिवार टाळून. ठरवायलाच जात असाल तर आधी घरी बसून हप्ता काढा. अमेरिकेला आम्हीही दोन अर्ज टाकलेत, चिन्मयच्या हट्टापायी. नोकरीचा राजीनामा मात्र पासपोर्टवर शिक्का बसल्याशिवाय द्यायचा नाही, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. एपीएस आलंय. ब्लॉक्ड अकाउंटसाठी कुठली एफडी मोडायची, यावर सध्या आमचा दोघांचा वाद चालू आहे.