सह्याद्रीच्या पावसात कॅम्पर व्हॅन: चार-साडेचार महिने, सोळा रात्री

मार्चमध्ये आम्ही एक जुनी डिझेल व्हॅन घेतली. कोल्हापुरातच उद्यमनगरच्या एका वर्कशॉपमधून ती आतून बदलून घेतली आणि मेअखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिच्यात सोळा रात्री काढल्या. राधानगरी, गगनबावडा, आंबा घाट आणि दोनदा आंबोली. त्यातल्या निदान बारा रात्री तरी पावसाच्या. मला आणि बायकोला पतंग, किडे, बेडूक बघायचा नाद आहे आणि हे सगळं दिसतं ते पावसाळ्यात, तेही रात्री. लॉजवर उतरलं की नऊला गेट बंद होतं आणि जंगल राहतं लांब. गाडी घेण्यामागं एवढं एकच कारण होतं.

आधी गळतीबद्दल, कारण ही गाडी करून घेणारे सगळ्यात आधी तेच विचारतात. वळवाचे पाऊस झाले, मृग झाला, थेंब आत आला नाही. आर्द्रात आंब्याला मुक्कामी असताना रात्री दोन वाजता बायकोच्या कपाळावर पाणी पडलं. सकाळी बघितलं तर डोक्यावरच्या छतात भोकच नव्हतं. घरी आल्यावर छतावर पाईपनं पाणी सोडून तासभर शोधलं, तेव्हा कळलं की पाणी छतावरच्या सामानाच्या कॅरिअरच्या बोल्टमधून आत येतंय, पत्र्याच्या आतल्या बाजूनं दीड फूट वाहतंय आणि मग प्लायच्या सांध्यातून टपकतंय. बोल्टला साधं सिलिकॉन लावलं होतं. गाडीच्या हादऱ्यानं ते सुटलं होतं. वर्कशॉपवाल्यांनी ‘पावसाळ्यात सगळ्याच गाड्या गळतात’ म्हणून हात झटकले, त्याचा राग अजून आहे. बोल्ट काढले, जुनं सिलिकॉन खरवडलं, ब्युटाईल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि रबरी वॉशर घातले, वरून पॉलियुरेथेन सीलंट. त्यानंतर त्या जागी एक थेंब नाही.

गळती एका रविवारात संपली, ओल मात्र शेवटपर्यंत पुरून उरली. दोन माणसं रात्रभर बंद गाडीत श्वास घेतात, ती वाफ गार पत्र्यावर आणि काचांवर जाऊन बसते. सकाळी काचांवरून ओघळ, उशा ओलसर, गादी उचलली तर खालून काळी बुरशी. पाऊस आत येईल म्हणून आपण खिडक्या घट्ट लावतो आणि त्यानं ओल आणखी वाढते, हे समजायला आम्हाला तीन मुक्काम लागले. आता छतावर बारा व्होल्टचा पंखा आहे, तो हवा बाहेर फेकतो. समोरची खिडकी बोटभर उघडी असते, तिच्यावर पावसाळी छज्जा. गादीखाली सलग प्लाय होता, तो काढून फळ्या अंतर ठेवून ठोकल्या. स्वयंपाक आत करायचा नाही, भाताच्या एका कुकरनं सगळ्या काचा धुरकटतात. मागचं दार वर उचलून त्यावर ताडपत्री ताणली की शेगडी तिथं बसते. गरम भात, कुळथाचं पिठलं आणि घरची कांदा-लसूण चटणी. बाहेर पाऊस कोसळत असताना यापेक्षा जास्त काही लागत नाही.

छतावरच्या सोलर पॅनलचे पैसे मात्र वाया गेले, असं स्पष्ट सांगतो. तरण्या-म्हाताऱ्या पावसात गगनबावड्याला चार-चार दिवस ऊन नसतं. शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आहे, ती गाडी चालताना अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनाच्या वीज तयार करणाऱ्या यंत्रावर, चार्ज होईल असा चार्जर बसवला आणि प्रश्न मिटला. पंखा, दिवे, मोबाईल, दोन रात्री आरामात.

दिव्यांची गोष्ट वेगळी. सुरुवातीला आत पांढरे एलईडी होते. पहिल्याच रात्री दार उघडलं आणि पाच मिनिटांत गाडीभर किडे. आता आत पिवळे मंद दिवे आणि बाहेर गाडीपासून वीस पावलांवर पांढरी चादर, तिच्यावर अल्ट्राव्हायोलेट दिवा. ऑगस्टमध्ये आंबोलीला या चादरीवर अ‍ॅटलास पतंग येऊन बसला. माझ्या पसरलेल्या पंजाहून मोठा, विटकरी रंगाचा. पंखांवर मधोमध त्रिकोणी झरोके असतात, खवले नसलेले, त्यांच्यातून मागच्या चादरीची वीण दिसत होती. मिशा नेच्याच्या पानासारख्या पिसारलेल्या, म्हणजे नर. मादीचा गंध तो याच मिशांनी टिपतो. या पतंगाला खायला तोंडच उरलेलं नसतं. अळी असताना जे खाल्लं त्यावर जेमतेम आठवडाभर जगायचं, त्यात मादी शोधायची. हे माहीत असल्यावर त्याला आपल्या दिव्याशी रात्रभर अडकवून ठेवणं बरं वाटेना. दहा वाजता दिवा बंद केला. तेव्हापासून तासाभरावर दिवा ठेवत नाही. पहाटेपर्यंत ठेवला तर बुलबुल आणि कोतवाल येऊन चादरीवरचे पतंग एकेक करून टिपतात, तेही एकदा बघितलंय.

पण गाडीचे सगळे पैसे जिथं वसूल झाले ती रात्र जुलैमधली. एका शेतकरीदादांच्या परड्यात गाडी लावली होती, शेजारी पाणी साठलेलं डबकं आणि त्यावर वाकलेली फांदी. खिडकीपासून चार फुटांवर मलबारी उडत्या बेडकांची जोडी. पोपटी अंग, बोटांमधले पडदे लाल-केशरी. मादी मागच्या पायांनी स्राव घुसळत होती, आपण ताक घुसळतो तशी, आणि बघता बघता पांढऱ्या फेसाचा गोळा पानांमध्ये तयार झाला. अंडी त्या फेसात. वरचा थर वाळून कडक होतो, आत ओल टिकते आणि पिल्लं तयार झाली की खालच्या पाण्यात टपटप पडतात. आम्ही दिवा न लावता, लाल टॉर्चच्या उजेडात, पांघरूण गुंडाळून दोन तास बघत बसलो. बाहेर उभं राहून हे झालं नसतं. पावसानं आणि जळवांनी दहा मिनिटांत हाकललं असतं. पुढच्या शनिवारी पुन्हा तिथंच गेलो. फेस पिवळट होऊन खालून सैल झाला होता.

आंबोलीच्या जांभ्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळपठारावरचा, आंबोली टोड मात्र गाडी लांब लावून पायीच बघावा. तो पहिल्या पावसात खडकावरच्या ओंजळभर पाण्यात अंडी घालतो आणि जगात फार थोड्या जागी उरलाय. सड्यावर चाक घालणं म्हणजे त्याची डबकीच चिरडणं. रात्री घाटात गाडी चालवणंही आम्ही बंद केलं. पावसात बेडूक, खेकडे, चापडा साप सगळे डांबरावर येतात आणि हेडलाईटमध्ये दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

गाडी लावायच्या जागेबद्दल. अभयारण्यात मुक्काम नाही, पावसाळ्यात दाजीपूरचं जंगल पर्यटकांना बंदच असतं. आम्ही गावात विचारून, पैसे देऊन, घराजवळ लावतो. राधानगरीकडं एका ओढ्याकाठी सपाट जागा बघून थांबलो होतो, तर एक आजोबा इरलं घेऊन आले. ‘पाव्हणं, हितं नगा लावू. वर पाऊस झाला की वढा फुगतोय, आन् रातचं गवं बी ह्याच वाटंनं उतरत्यात.’ गाडी काढायला गेलो तर मागची चाकं चिखलात रुतली. शेवटी त्यांच्या पुतण्यानं ट्रॅक्टरनं ओढून काढली. पहाटे धुक्यात त्याच वाटेनं सात गवे उतरले. पायात पांढरे मोजे घातल्यासारखे, अंगावरून पाणी निथळत, एकही आवाज न करता. गाडी जिथं रुतली होती तिथल्याच चरातून ते पलीकडं गेले.

तेव्हापासून मुरूम किंवा जांभा दगड बघूनच थांबतो, मोठ्या झाडाखाली कधीच नाही. निघण्याआधी रस्त्याची चौकशी हवीच. मांडुकलीजवळ कुंभी नदीचं पाणी रस्त्यावर आलं की गगनबावडा तुटतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि आम्ही एकदा निम्म्या वाटेवरून परत फिरलो.

कागदपत्रांचं आधी बघा. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते. आम्ही काम झाल्यावर धावपळ केली आणि दोन महिने गेले.

बदलाचा खर्च १,४०,००० रुपये झाला. त्यातले सोलर आणि आतली शोभेची कपाटं वगळली असती तर चाळीसेक हजार वाचले असते. त्या पैशात छज्जे चारी खिडक्यांना आणि मागच्या दाराला चांगली जाड ताडपत्री आली असती. आता कॅरिअर पूर्ण काढून टाकतोय आणि बोल्टची भोकं वेल्डिंगनं बुजवून घेतोय. मृगाआधी गाडी तयार हवी, शेतकरीदादांना तसं सांगून ठेवलंय. फांदी तोडू नका, एवढंही सांगितलंय.