मीटिंग कुठली धरावी: जिल्ह्याची, तालुक्याची की फोनवरची?

दारू सोडायची हे ठरलंय आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार देतात त्या समूहाच्या, मीटिंगला जाऊन बघू, इथपर्यंत तुम्ही आलायत असं धरून लिहितो. फी नसते, नाव-गाव कुणी लिहून घेत नाही, सोडायची इच्छा एवढीच अट, हेही तुम्हाला ठाऊक असेल. पण मराठवाड्यात खरा पेच पुढचा असतो. बसायचं कुठं? मी तिन्ही करून पाहिलंय.

एक आधी सांगतो. रोज सकाळपासून लागत असेल तर एकदम बंद करून थेट मीटिंगला जाऊ नका. हात थरथरणं पहिल्याच दिवशी सुरू होतं, दोन-तीन दिवसांत फिट किंवा भास होऊ शकतात आणि त्यात माणूस दगावतोही. आधी डॉक्टर, मग मीटिंग. मीटिंगवाले औषध देत नाहीत, ते त्यांचं कामही नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणची मीटिंग भरलेली असते. वीस वर्षं न प्यालेला माणूस समोर बसलेला दिसतो, आणि पहिल्या महिन्यात तो नुसता दिसणंच फार असतं. बोलणाऱ्यांत वकील असतो, हमाल असतो, त्यामुळं आपल्यासारखा कुणीतरी सापडतोच. ज्यांना गावात ओळख निघायची धास्ती आहे, म्हणजे शिक्षक, पोलीस, दुकानदार, त्यांनी सुरुवात तिथंच करावी. बायकोला सोबत न्यायचं असेल तर घरच्यांसाठीचा अल-ॲनॉनचा समूह जवळपास आहे का, हेही तिथं कळतं.

मग मी ती का सोडली? गाडीमुळं. मीटिंग सुटायची साडेआठला आणि गावाकडची शेवटची गाडी लागायची दहाच्या आसपास. स्टँडसमोर परमिट रूमची रांग, कडेला उकडलेल्या अंड्यांचे आणि चखण्याचे गाडे. खिशात पैसे, ओळखीचं कुणी नाही, आणि घरी यायला उशीर होणार हे घरच्यांना आधीच मान्य. दारुड्याला यापेक्षा सोयीचा दीड तास कोण देणार? मी प्यालो नाही. पण मीटिंगभर माझं अर्धं चित्त त्या दीड तासाकडं लागलेलं असायचं. आधीची गाडी धरावी तर शेअरिंग, म्हणजे आपापले अनुभव सांगणं, संपताच उठावं लागायचं, आणि मीटिंगनंतरचा चहा हुकायचा. हॉलमध्ये माणूस जरा जपून बोलतो. ‘परवा भाच्याच्या लग्नात कसं निभावलं’ हे तो कपबशी हातात आल्यावर सांगतो. तुमची स्वतःची गाडी असेल, किंवा तुम्ही शहरातच राहत असाल, तर हे सगळं तुम्हाला लागू नाही. मग जिल्ह्याचीच धरा.

फोनवरची मीटिंग मला फारशी लागली नाही, पण तिला नावं ठेवणार नाही. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या बीडकडच्या माणसाला पाच-सहा महिने दुसरी मीटिंग कुठली? बायकांनाही मी हीच आधी सुचवीन, कारण लहान गावच्या खोलीत सगळे पुरुषच असतात आणि तिथं एकटीनं बसणं सोपं नाही. माझी अडचण घराची होती. दोन खोल्या, भिंतीपलीकडं म्हातारी आई. मनातलं बोलायला गच्चीवर जावं तर तिथं रेंज जायची.

राहिली तालुक्याची. पाच-सहा डोकी, शाळेची नाहीतर एखाद्या संस्थेची खोली. तेच तेच किस्से ऐकावे लागतात, एखादे काका माईक नसतानाही अर्धा तास सोडत नाहीत, आणि किल्लीवाला लग्नाला गेला की बाहेर पायरीवर बसायचं. ओळखीचा माणूस भेटतो हेही खरं. पण तो तिथं पोथी ऐकायला आलेला नसतो, तोही त्याच कामासाठी आलेला असतो. शिवाय आपण पितो हे गल्लीला ठाऊक नाही, असं आपल्यालाच वाटत असतं.

तिचा फायदा मला रात्री नऊला कळला. तल्लफ आली, स्पॉन्सरला, म्हणजे समूहातल्या मला सांभाळून घेणाऱ्या जुन्या माणसाला, फोन केला, तो मोटारसायकल काढून आला आणि आम्ही पिठलं-भाकरी खात बसलो. जिल्ह्याचा स्पॉन्सर फोनवर तेवढंच प्रेमानं बोलला असता, यात शंका नाही. पण आला नसता.

‘त्यापेक्षा माळ घाल’ असंही कुणीतरी म्हणेलच. जरूर घाला, आमच्यातल्या दोघांच्या गळ्यात आहे. फरक एवढाच की माळ घालून पाय घसरला तर माणूस लाजेनं कीर्तनालाही जायचा थांबतो. मीटिंगमध्ये घसरलेल्याला पुढच्या वेळी त्याच सतरंजीवर जागा असते.

शोधायचं कसं? संस्थेच्या वेबसाइटवर यादी असते, पण वार-वेळ बदललेली असू शकते, म्हणून निघण्याआधी फोन करा. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा टोल-फ्री नंबर आहे. तालुक्यात मीटिंग नसेल तर जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये ‘आमच्या बाजूचं कुणी येतं का’ एवढं विचारून ठेवा. दोन माणसं जमली तरी मीटिंग होते. आमच्या गावची तशीच सुरू झाली असं जुने सांगतात. आणि जमलं तर पोळ्याच्या आधी सुरुवात करा. करीच्या दिवशी गावात कोण कुणाला बाटली दाखवेल, सांगता येत नाही.